राज्याच्या खर्चाला कात्री लावायची तर नेमकी कुठे?

भीमाकाठ:

खुल्या बाजाराच्या बाजूने विचार करणाऱ्यांना हा प्रश्न आहे. सरकारने भावात हात घालू नये, ही मांडणी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींमुळे महाराष्ट्राला नवी नाही. पण तोच विचार राज्याच्या एकूण जमाखर्चाला लावायची वेळ आली की चर्चा दोन वाक्यांत आटोपते: 'लाडकी बहीण बंद करा' आणि 'सरकारी नोकर कमी करा'. यातून कराचा एक टक्काही कमी होईल असं मला वाटत नाही.

मला तीन गोष्टी हव्यात. राज्याच्या खर्चातला खरोखर कमी करता येण्याजोगा भाग किती? तो कोणत्या कागदात, कोणत्या रकान्यात दिसतो? आणि बचत झालीच तर सगळ्यात आधी कोणता कर उतरवावा? आकडे आणि यंत्रणा यांच्या आधारे उत्तर द्यावं ही विनंती.

हिशेबनीस:

आधी मूळ आकडे घेऊ, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. १० मार्च २०२५ ला मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये धरला होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणून महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवायची एकूण रक्कम, १,३६,२३५ कोटी. याचा सरळ अर्थ असा की वर्षभरात उभ्या केलेल्या कर्जातला तिसरा हिस्सा रस्ता, धरण, इमारत यांत जात नाही, तो रोजच्या खर्चात विरतो. तूट राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आहे आणि कर्ज १९ टक्क्यांच्या आसपास आहे, हे सरकारचं म्हणणं खरं आहे. पण ३ टक्क्यांची मर्यादा कर्ज किती घेतलं एवढंच मोजते, ते कशावर घातलं हे मोजत नाही. बाजारवादी टीका इथून सुरू व्हायला हवी.

आता कात्रीकडे येऊ. महसुली जमा १०० रुपये धरा. त्यातले साधारण ३१ पगाराचे, १३ निवृत्तिवेतनाचे, १२ व्याजाचे. म्हणजे ५६ रुपये १ एप्रिललाच बांधलेले असतात. व्याजाला कात्री लागत नाही. निवृत्तिवेतन १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांचं आहे, तो शब्द दिलेला आहे, तो मोडता येत नाही. पगारात रिक्त पदं न भरणं एवढंच हाती असतं. त्यात अडचण अशी की पदं रिक्त राहतात ती भूमिअभिलेख, दुय्यम न्यायालयं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी, जिथे सरकार असायलाच हवं असं कट्टर बाजारवादीही म्हणतो. मोजणीची तारीख महिनोन्‌महिने पुढे गेली तर जमिनीचा बाजार चालणार कसा? त्यामुळे 'नोकर कमी करा' ही सरसकट घोषणा मला घातक वाटते. कुठली खाती कमी करायची हे सांगितल्याशिवाय ती बोलूच नये.

उरलेल्या खर्चात वीज, शेती, स्थानिक संस्थांची अनुदानं, सामाजिक योजना येतात. लाडकी बहीणला २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी धरले होते, म्हणजे आपल्या शंभरातले साडेसहा रुपये. रक्कम मोठीच आहे, पण सगळा प्रश्न तिच्यातच सामावलेला नाही.

कागद कुठले पाहायचे? वित्त विभागाच्या संकेतस्थळावर विभागवार मागण्यांची पुस्तकं असतात. लेखाशीर्षाचे पहिले चार अंक हे प्रधान शीर्ष. पहिला अंक ० असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्जं आणि आगाऊ रकमा. काही शीर्षं पाठच करून ठेवा: २०४९ व्याज, २०७१ निवृत्तिवेतन, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२३५ सामाजिक सुरक्षा, २४०१ पीक संवर्धन, २८०१ ऊर्जा. जमेकडे ००३० मुद्रांक व नोंदणी, ००३९ राज्य उत्पादन शुल्क, ००४१ वाहन कर, ००४३ वीज शुल्क.

मग शेवटचे दोन अंक पाहा, म्हणजे उद्दिष्ट. ०१ म्हणजे वेतन, ३१ सहायक अनुदानं (वेतनेतर), ३३ अर्थसहाय्य, ३६ सहायक अनुदानं (वेतन). सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फक्त ०१ ची बेरीज केली की पगाराचा आकडा लहान दिसतो, कारण अनुदानित शाळा-महाविद्यालयांचे आणि जिल्हा परिषदांचे पगार ३६ खाली पडतात. दोन्ही मिळवा. दुसरी चूक योजनेची एकच ओळ बघण्याची. एकाच योजनेचे पैसे सर्वसाधारण भागात, शिवाय लघुशीर्ष (प्रधान शीर्षाखालचा तीन अंकी उपविभाग) ७८९ खाली अनुसूचित जाती घटकात आणि ७९६ खाली आदिवासी घटकात विभागलेले असतात. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांतून लाडकी बहीणकडे पैसे वळवल्याचा वाद झाला, तो समजून घ्यायला ही दोन लघुशीर्षं माहीत असावी लागतात.

आणि मार्चचा अर्थसंकल्प म्हणजे वर्षाचा खर्च नव्हे. २०२४-२५ चा अंदाज ६,१२,२९३ कोटींचा होता. नंतर पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटी, डिसेंबरमध्ये ३५,७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६,४८६ कोटींच्या पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च) आल्या. बेरीज १,३७,१६३ कोटी, मूळ अंदाजाच्या बावीस टक्क्यांवर. हा सगळा नवा खर्च नसतो. काही रक्कम पुस्तकी समायोजनाची असते, म्हणून पुरवणीच्या पुस्तिकेत 'निव्वळ भार' शोधा. तरी एवढी रक्कम सभागृहात दोन दिवसांच्या चर्चेत मंजूर होते. खर्चावर लगाम हवा असेल तर माझी पहिली मागणी असेल पुरवणी मागण्यांना टक्केवारीची मर्यादा. योजना बंद करण्याची भाषा त्यानंतर.

रोहित्र:

हिशेबनीस यांनी जे छापलेलं आहे ते उत्तम मांडलंय. मी न छापलेल्या खर्चाबद्दल लिहितो, कारण बाजाराची मोडतोड तिथे जास्त होते. विषय वीज.

शेतीच्या वीज सवलतीचे दोन भाग आहेत. एक उघड. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल शून्य केलं, पंप सुमारे ४४ लाख, आणि सरकारवरचा वार्षिक भार सुमारे १४,७६० कोटी. हा पैसा २८०१ खाली येतो, सभागृह त्याला मंजुरी देतं, त्यावर भांडता येतं. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर फरकाची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. तत्त्व म्हणून हे कलम बाजारवाद्याला मान्य व्हावं असंच आहे: दान करा, पण स्वतःच्या खिशातून आणि आधी.

दुसरा भाग क्रॉस सबसिडीचा. उद्योग आणि व्यापारी ग्राहकाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या वर ठेवायचा आणि त्यातून शेतीचा दर खाली आणायचा. ही रक्कम कोणत्याही मागणीत नसते. कोणताही आमदार तिच्यावर मतदान करत नाही. पण इचलकरंजीच्या यंत्रमागावर किंवा चाकणच्या कारखान्यावर हा करच असतो. वर वीज शुल्क बिलावर टक्क्यांनी लागतं, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, म्हणजे दर फुगला की शुल्कही आपोआप फुगतं. राष्ट्रीय दर धोरणात सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर-खाली एवढीच मुभा अपेक्षित आहे.

आता यात बिघडतं काय ते नीट समजून घ्या. पंपांचा मोठा भाग विनामीटर आहे, बिल अश्वशक्तीवर निघतं. मग शेतीने वीज किती वापरली? अंदाजाने. काही फीडरच्या (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांच्या) नमुन्यावरून पूर्ण राज्याचा वापर काढला जातो. वितरण कंपनीला दोन आकडे दाखवायचे असतात, गळती आणि शेतीवापर, आणि दोन्हींची बेरीज ठरलेली असते. शेतीचा आकडा वाढवला की गळती कमी दिसते आणि सबसिडीचा दावाही वाढतो. म्हणजे चोरी आणि तारांतली घट शेतकऱ्याच्या नावावर जमा होते. 'शेतकरी फुकट वीज खातो' असं जे म्हणतात त्यांनी हा हिशेब एकदा पाहावा. शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली सगळी वीज त्याच्या विहिरीवर पोचलेलीच नसते.

दुरुस्तीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. मीटर आधी लावायला गेलात की गाव विरोध करतं, कारण मीटर म्हणजे सवलत संपणार असा अनुभव आहे. म्हणून आधी शेतीचे फीडर वेगळे काढायचे आणि मीटर फीडरच्या मुखाशी बसवायचा, प्रत्येक पंपाला नाही. एवढ्यानेच गळती आणि शेतीवापर वेगळे होतात. मग पंपाच्या अश्वशक्तीप्रमाणे ठराविक युनिटांचा हक्क शेतकऱ्याच्या नावे लिहायचा. वापर त्याहून कमी झाला तर उरलेल्या युनिटांचे पैसे त्याच्या खात्यात. पंजाबने २०१८ मध्ये 'पाणी बचाओ, पैसा कमाओ' या नावाने हेच सुरू केलं, वाचवलेल्या प्रत्येक युनिटला ४ रुपये. ते ऐच्छिक होतं आणि निवडक फीडरवर होतं, आणि माझ्या मते तसंच हवं. या पद्धतीत वीज आणि भूजल दोन्हींना पहिल्यांदा किंमत येते, आणि शेतकऱ्याच्या हातातून काही काढूनही घेतलं जात नाही.

सौर फीडरबद्दल दोन शब्द. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चं लक्ष्य १६,००० मेगावॉटचं आहे, दर ३ रुपयांच्या आसपास, पुरवठा दिवसा. खर्च कमी होण्याचा हा सगळ्यात मोठा मार्ग आहे, यात शंका नाही. पण करार २५ वर्षांचे आहेत. वीज स्वस्त झाली म्हणून मोजणी सोडून दिली तर पंधरा वर्षांनी आपण पुन्हा इथेच उभे असू.

मोठा ग्राहक मात्र थांबत नाही. एक मेगावॉटच्या वर त्याला खुला प्रवेश आहे, म्हणजे वितरण कंपनी सोडून दुसऱ्याकडून वीज घेण्याची मुभा आहे, आणि हरित विजेसाठी २०२२ च्या नियमांनी ती अट १०० किलोवॉटवर आणली. तो बाहेर पडला की क्रॉस सबसिडी भरणारे कमी होतात, उरलेल्यांचा दर चढतो, मग त्यातलेही काही छतावर सौर पॅनेल बसवून बाहेर पडतात. अधिभार लावून हे थोपवता येत नाही. शेतीची सवलत अख्खी अर्थसंकल्पात आणणं हाच मार्ग आहे. तूट आज आहे त्याहून मोठी दिसेल, आणि ती दिसायलाच हवी.

रेवती:

रोहित्र यांच्या लिखाणातला धागा लाडकी बहीणपर्यंत नेते, कारण खुल्या बाजाराच्या बाजूचे लोक तिच्यावर तुटून पडतात ते मला तर्काला धरून वाटत नाही.

बाजारवादी भूमिकेचं मूळ असं की मदत करायचीच असेल तर रोख द्या, वस्तू देऊ नका, भाव मोडू नका. दीड हजार रुपये थेट खात्यात जाणं हे त्या तत्त्वाच्या शिलाई यंत्र, सायकल, पंप वाटण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. त्यात ठेकेदार नाही, निविदा नाही. आक्षेप दोन आहेत आणि ते वेगळे ठेवावेत. पहिला पैशाचा. साधारण २.४ कोटी लाभार्थी धरले तर १५०० रुपयांनी वर्षाला ४३,२०० कोटी होतात आणि तरतूद ३६,००० कोटींची, म्हणजे एकतर नावं गळणार किंवा पुरवणी येणार. तेच २१०० केले तर ६०,४८० कोटी. हा पैसा कर्जातून येत असेल तर आजच्या बहिणीला दिलेलं तिच्याच मुलांकडून व्याजासकट वसूल होईल.

दुसरा आक्षेप रचनेचा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं आणि चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. उत्पन्न २,४९,००० असेल तर वर्षाला १८,००० मिळतात, २,५१,००० झालं की शून्य. दोन हजार जास्त कमावल्याची शिक्षा अठरा हजार. घरातल्या बाईने पापडाचा, शिवणकामाचा धंदा कागदावर आणू नये, कमाई रोखीतच ठेवावी, असंच ही अट सुचवते. खुल्या बाजाराच्या माणसाने मागणी करावी ती कड्याऐवजी उतार ठेवण्याची: मर्यादेच्या वर प्रत्येक शंभर रुपयांमागे मदत पंचवीस-तीस रुपयांनी कमी होत जावी. आणि त्याबदल्यात वस्तुवाटपाच्या किती योजना मिटवणार ते सांगावं. रोख मदत ही बाकी सगळं तसंच ठेवून वर चढवलेला थर ठरली तर तिचं तत्त्व उरत नाही.

शेतीतही हेच. २०२४ च्या खरिपातल्या सोयाबीनला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदी सुरू झाली तर आधी १२ टक्के ओलाव्याची अट आडवी आली, ती नंतर १५ वर नेली, मग बारदाना संपला. माल केंद्राबाहेर उभा. याउलट २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, थेट खात्यात गेले. तिथेही चुका झाल्या: ई-पीक पाहणीत नोंद नसलेले आधी वगळले गेले, सामायिक खात्यांत संमतीपत्रं अडली. पण ते दोष याद्यांचे होते आणि याद्या दुरुस्त करता येतात. खरेदीत गोदाम, काटा, प्रत, वाहतूक, विक्री असे पाच ठिकाणी पैसे गळतात.

ज्यांना वाटतं की सरकारने सगळाच माल घ्यावा, त्यांनी कापूस एकाधिकार आठवावा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी, राज्यात खासगी व्यापाऱ्याला कापूस घ्यायला बंदी. बाहेर भाव चढला की कापूस रात्री गुजरात, मध्य प्रदेश, आंध्रकडे जायचा, भाव पडला की सगळा फेडरेशनच्या (सरकारतर्फे कापूस घेणाऱ्या महासंघाच्या) दारात. हमी फक्त मंदीत वापरली जाते आणि तेजीचा नफा हाती लागत नाही, म्हणून तोटा हा त्या रचनेतच होता. अधिकारी बदलून तो गेला नसता.

एसटीचंही एक सांगते. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत, आणि सवलतीची भरपाई सरकार महामंडळाला देतं. पण वर्षानुवर्षं त्याच तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी करही बसतो. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचं, आणि मधल्या काळात महामंडळाने डिझेलची उधारी करायची. शिवाय टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी घेणं-उतरवणं, खासगी गाडीला बंद. ज्या तालुक्यात एसटी दिवसातून दोनदा येते तिथे वडाप (खासगी जीपची प्रवासी वाहतूक) चालतं, पण बेकायदा म्हणून, ना विमा ना तपासणी. सरकारने ज्या मार्गांवर ठराविक फेऱ्या चालवल्याच नाहीत ते मार्ग खुले करावेत. याला एक रुपयाही लागत नाही.

भीमाकाठ:

फार उपयोगी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. रेवतीताई, उताराचा मुद्दा पहिल्यांदाच वाचला. आता तिसरा प्रश्न राहिला: कर कोणता उतरवावा? मुद्रांक शुल्काचं उदाहरण लोक देतात, की २०२० मध्ये दर कमी केला आणि नोंदण्या वाढल्या, म्हणजे दर कमी केला की जमा वाढते. हे बरोबर आहे का?

दस्तऐवज:

अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यावर भरवसा ठेवून धोरण आखणं धोक्याचं आहे.

१ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० दर ५ वरून २ टक्के, मग ३१ मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के. डिसेंबरात कार्यालयांत रांगा लागल्या. पण सवलतीला शेवटची तारीख होती, आणि नोंदणी कायद्याने दस्त झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदवता येतो. त्यामुळे लोकांनी ३१ डिसेंबरपूर्वी शुल्क भरून ठेवलं आणि नोंदणी पुढे केली. जे घर २०२१ मध्ये घ्यायचं होतं ते आधी घेतलं गेलं. मुदतीची सवलत म्हणजे पुढची मागणी आज ओढणं. दर कमी ठेवल्याने कायमची उलाढाल किती वाढते हे त्यातून कळत नाही. कायम कपात केली तर पहिली काही वर्षं जमा पडेल, हे गृहीत धरूनच बोलावं. २०२५-२६ मध्ये मुद्रांक व नोंदणीतून ६३,५०० कोटींचं लक्ष्य होतं, एवढी जमा कोणताही अर्थमंत्री सहज हातची सोडणार नाही.

तरीही उतरवण्याच्या यादीत मी हाच कर पहिला धरतो, कारण तो व्यवहारावर आहे. मुंबईत १ कोटीच्या घराला मेट्रो अधिभारासह ६ टक्के म्हणजे ६ लाख, नोंदणी फी ३० हजार. खरेदीदार महिला असेल तर एक टक्का कमी. तेच घर पाच वर्षांनी विकलं तर पुढच्याकडून पुन्हा तेवढेच. म्हणून नोकरी ठाण्याहून पनवेलला गेली तरी माणूस घर बदलत नाही, रोज तीन तास गाडीत घालवतो. मालमत्ता कराने असं होत नाही, कारण घर विकलं काय, न विकलं काय, तो तेवढाच. अर्थशास्त्राच्या हिशेबाने मुद्रांक कमी करून मालमत्ता कर वाढवावा. आपण उलट केलं: मुंबईत जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ. आणि गाठ अशी आहे की मुद्रांक राज्याच्या तिजोरीत जातं, मालमत्ता कर पालिकेच्या. राज्याने आपली जमा सोडून पालिकेची वाढवावी, असं कोणतं सरकार करेल? ही गाठ सोडवायची तर पालिकांना राज्याकडून जाणारं अनुदान त्याच प्रमाणात कमी करायचं, हे आधी लिहून ठरवावं लागेल.

दर राहू द्या, निदान रेडी रेकनर (शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मिळकतींचे दर) सुधारा. २०२५-२६ ला राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के केली. रेकनर बाजारभावाच्या वर गेला की खरा भाव कागदावर लिहूनही शुल्क रेकनरवरच पडतं, आणि फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर आयकरातही विकणारा आणि घेणारा दोघं अडकतात. पडत्या बाजारात यामुळे सौदे थांबतात. अशा वेळी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करून त्या मिळकतीचं खरं मूल्य ठरवून घेता येतं. अर्ज दस्तावर सह्या करण्याआधी करा, आसपासच्या तीन-चार नोंदलेल्या व्यवहारांच्या सूची २ च्या (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याच्या) प्रती जोडा. नोंदणी झाल्यावर हा रस्ता लांब आणि खर्चिक होतो.

आणि घराच्या किमतीतला मोठा सरकारी वाटा मुद्रांकात दिसतच नाही. तो प्रीमियममध्ये, म्हणजे वाढीव बांधकामासाठी विकासकाने भरायच्या शुल्कात, असतो: जादा चटईक्षेत्र, फंजिबल (आणखी एक वाढीव चटईक्षेत्र), जिना आणि लिफ्टची जागा. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने वर्षाअखेरपर्यंत प्रीमियम निम्मे केले, अट ही की विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक भरावं. चटईक्षेत्राची टंचाई नियमाने निर्माण करायची आणि मग तेच विकायचं, याला मी करच म्हणतो.

जकातनाका:

दस्तऐवज यांच्या 'गाठी'बद्दल. महाराष्ट्राने शहरांचा स्वतःचा मोठा कर दोन टप्प्यांत काढून घेतला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला एलबीटी (स्थानिक संस्था कर) माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात जीएसटीत विरघळली. नाके गेले ते उत्तम झालं, ट्रकांच्या रांगा हा निव्वळ राष्ट्रीय अपव्यय होता. पण बदल्यात २०१७ च्या कायद्याने पालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीची भरपाई लावून दिली. शहर चांगलं चाललं तरी ८, वाईट चाललं तरी ८. उद्योग आणला म्हणून पालिकेला जादा काही मिळत नाही, घालवला म्हणून तोटा नाही. कर आणि सेवा यांचा संबंध तुटला की नागरिक पालिकेला जाब विचारायचा सोडून मंत्रालयाकडे बघतो. खर्चावरचा खरा लगाम तिथे सुटला.

म्हणून पहिला बदल मी व्यवसाय कराचा सुचवेन. १९७५ चा कायदा, रोजगार हमीसाठी आणला. पगार १०,००० च्या वर असेल तर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिलांना २५,००० पर्यंत सूट. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने २,५०० ची मर्यादा घातली ती १९८८ पासून हललेली नाही. पाच नोकर असलेल्या दुकानदाराला स्वतःची नावनोंदणी वेगळी, मालक म्हणून नोकरांच्या कपातीची वेगळी, विवरणपत्र वेगळं, चुकलं तर विलंब शुल्क. एवढ्याशा रकमेला एवढा कागद. तमिळनाडू आणि केरळात हा कर स्थानिक संस्था घेतात. आपणही तो त्यांना द्यावा, आणि ज्या पालिकेला तो माफ करून धंदे ओढायचे असतील तिला ती मोकळीक असावी. शेजारच्या दोन पालिकांत स्पर्धा लागू द्या.

रोहित्र:

व्यवसाय कराला अनुमोदन, पण एक दुरुस्ती. पालिकेला दिलात आणि ८ टक्क्यांची भरपाई तशीच ठेवलीत तर स्पर्धा होणार नाही, दोन्ही पैसे घेऊन पालिका गप्प बसेल. जितका कर दिला तितकी भरपाई त्याच कायद्याच्या दुरुस्तीत कमी झाली पाहिजे.

हिशेबनीस:

एक विषय राहिला, थकहमीचा. सहकारी कारखान्याला बँक कर्ज देत नाही, राज्य हमी देतं, मग बँक देते. त्या वर्षी अर्थसंकल्पात एक रुपयाही खर्च पडत नाही, म्हणून विरोधही होत नाही. कर्ज थकलं की बँक सरकारच्या दारात येते आणि तेव्हा खर्च टाळताच येत नाही. २०२४ मध्येही काही साखर कारखान्यांना राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं राज्याच्या हमीवर मिळाली. खुल्या बाजाराच्या दृष्टीने यात दोनदा नुकसान आहे: करदात्यावर जोखीम पडते, आणि हमीशिवाय नीट चालणाऱ्या शेजारच्या कारखान्याला ऊस पळवणारा प्रतिस्पर्धी सरकारी पाठबळावर उभा राहतो.

हे शोधायला अर्थसंकल्प उपयोगी नाही. महालेखापालांचे वित्तीय लेखे उघडा. पहिल्या खंडात विवरणपत्र ९ मध्ये हमींचा गोषवारा आहे, दुसऱ्या खंडात विवरणपत्र २० मध्ये संस्थानिहाय तपशील. त्यात तीन रकाने पाहा: वर्षाअखेर शिल्लक हमी, वर्षात वसूल केली गेलेली हमी, आणि मिळालेलं हमीशुल्क. शुल्क येणं आणि प्रत्यक्ष आलेलं यांतला फरक काढा. त्याच लेख्यांच्या परिशिष्ट २ मध्ये अर्थसहाय्याची विभागवार यादी असते, ती अर्थसंकल्पातल्या उद्दिष्ट ३३ च्या बेरजेशी ताडून बघा. दोन्ही जुळत नाहीत, कारण बरीच सवलत ३१ किंवा ५० 'इतर खर्च' खाली गेलेली असते. भीमाकाठ, तुम्ही कोणत्या विभागापासून सुरुवात करताय ते कळवा, त्याची लेखाशीर्षं इथेच लावून देतो.

भीमाकाठ:

ऊर्जा. २८०१ आणि ६८०१ दोन्ही काढतो, आणि त्यासोबत ००४३ ची जमाही.